जुन्या मालमोटारीचा जीर्णोद्धार

वरठीच्या आमच्या घरामागें धानाच्या जुन्या गिरणीचें कोठार आहे. त्या कोठारांत गेलीं एकवीस वर्षें एक मालमोटार उभी होती. 'उभी' हा शब्दहि सौजन्याचा आहे. चारहि टायर बसलेले, वरचीं कौलें फुटल्यामुळें डाव्या अंगाचा दरवाजा गंजून गेलेला, हौद्यांत मोहाच्या टोपल्या आणि फाटकीं पोतीं, व बैठकीखालीं मांजरीची तिसरी कीं चौथी पिढी, अशी तिची स्थिति होती. आमच्या आजोबांनीं १९५० सालीं ती नवी घेतली. शेव्हरोले कंपनीची, अर्ध्या टनाची, पुढें तिघांपुरती बैठक व मागें उघडा हौदा असलेली ही गाडी आमच्या घरांत नुसत्या 'मोटार' या नांवानें ओळखली जाई. पुढें घरांत दुसऱ्या गाड्या आल्या, त्यांस त्यांच्या कंपन्यांचीं नांवें मिळालीं. पण मोटार म्हटली कीं ती हीच.

गेल्या दिवाळींत अमेरिकेंतील आमच्या पुतण्याचें पत्र आलें. १९४७ पासून १९५४ पर्यंत निघालेल्या या घाटाच्या गाड्यांवर तिकडील लोकांचा विलक्षण लोभ आहे. इतका कीं, दरवाज्याच्या रबरापासून मागच्या फळीवरील अक्षरांपर्यंत तिचा बहुतेक प्रत्येक भाग तेथें आजहि नवा बनतो आणि टपालानें घरपोंच येतो. तेव्हां मोटार १९५० सालीं जशी होती अगदीं तशी करावी, तिचें सहा सिलिंडरांचें मूळ पेट्रोल-एंजिन पुन्हां बसवावें, खर्चाची काळजी करूं नये, असें त्यानें लिहिलें होतें. सूचना उदारपणाची होती व घरांत सर्वांस ती आवडली. बोलले नाहींत ते फक्त आमचे धाकटे काका. त्यांचें वय आज ऐंशीच्या घरांत आहे. तें पेट्रोल-एंजिन १९७४ सालीं त्यांनींच आपल्या हातानें उतरविलें होतें आणि त्या जागीं डिझेलचें बसविलें होतें. पत्र वाचून झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "मग ती चालवायची आहे, कीं पाहायची आहे?"

इतिहास हा आमचा पोटाचा व्यवसाय. साधन अस्सल कोणतें व बनावट कोणतें, मूळ मजकूर कोणता व मागाहून घुसडलेला कोणता, हें ओळखण्याची रीति आम्ही मुलांस तीस वर्षें शिकवीत आलों आहों. परंतु ज्या साधनांतून तेल गळतें त्याची परीक्षा करण्याचा प्रसंग आम्हांवर प्रथमच आला. काकांच्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं 'जशी होती तशी' म्हणजे नेमकी कशी, हें पाहणें आम्हांस प्राप्त झालें.

प्रथम गांवाविषयीं दोन शब्द. वरठी या नांवानें हें गांव बाहेरच्या जगास फारसें ठाऊक नाहीं. नागपूर-हावडा मार्गानें जाणारा उतारू त्यास 'भंडारा रोड' म्हणून ओळखतो. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर मापाचा मार्ग १८८० च्या सुमारास या मुलखांतून गेला. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो ताब्यांत घेऊन रुंद केला, आणि १८९१ पर्यंत नागपूर थेट आसनसोलशीं जोडलें गेलें. हा लोहमार्ग भंडारा शहराच्या उत्तरेकडून सहासात मैल दूर राहिला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सहासात मैल दूर असलेलें जिल्ह्याचें स्टेशन! इंग्रज एंजिनिअरांनीं यांत काय सोय पाहिली असेल ती असो. वरठीची मात्र सोय झाली. भंडाऱ्यास जाणारा माणूस व माल वरठीस उतरे, आणि भंडाऱ्याच्या कारागिरांनीं घडविलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं व झाडीपट्टींतला तांदूळ बाहेर जावयाचा तो वरठीस चढे. मधले सहासात मैल आरंभीं बैलगाडीचे होते, मग टांग्याचे झाले, आणि शेवटीं मोटारीचे. आमचें घर या सहासात मैलांवर जगलें.

आजोबांनीं मोटार घेतली तेव्हां युद्धकाळच्या आठवणी ताज्या होत्या. पेट्रोलवर नियंत्रण असल्यामुळें दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत देशभर कितीतरी सर्व्हिस-मोटारी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन, तिच्या धुरकट वायूवर धापा टाकीत चालत. युद्ध संपल्यावर लष्कराच्या वापरलेल्या जीप व लॉऱ्या लिलावांत निघाल्या आणि अनेकांनीं त्या स्वस्तांत घेऊन धंदा मांडला. आजोबांस लिलावाची गाडी पसंत नव्हती. "सोल्जरानें हाकलेला घोडा घेऊं नये," असें ते म्हणत, असें काका सांगतात.

त्यांनीं जी नवी गाडी घेतली, ती तरी कोठून आली होती? पुतण्याच्या पत्रांत 'अमेरिकेंतील कारखान्यांतून निघाली तशी' असे शब्द आहेत. वस्तुस्थिति निराळी आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें जुळणीचा कारखाना काढला होता. परदेशांतून सुटे भाग पेट्यांत भरून बंदरांत उतरत, आणि शिवडीचे मजूर त्यांची मोटार बनवीत. स्टिअरिंग उजवीकडे, कारण आपला रस्ता इंग्रजी रिवाजाचा. शिवाय मालमोटारींच्या बाबतींत सांगाडा, एंजिन व पुढचा भाग तेवढा कंपनीकडून घ्यावयाचा व मागचा भाग आपापल्या सोयीनें बांधून घ्यावयाचा, अशी चाल आपल्याकडे सर्रास होती. आमच्या मोटारीचा हौदा भंडाऱ्याच्या एका सुतारानें बांधला. अमेरिकेंत त्याच गाडीस कारखान्यांतला लोखंडी हौदा असे व त्याच्या तळाशीं फळ्या असत; आमच्या हौद्याच्या बाजूहि सागवानाच्या आहेत, बैलगाडीच्या साट्यासारख्या त्या वर किंचित् पसरट होत गेल्या आहेत आणि कोपऱ्यांस पितळी पट्ट्या मारल्या आहेत. तेव्हां पहिल्या दिवशींचीच जी मूळ मोटार, तिच्यांत अमेरिकेचें लोखंड, शिवडीचे हात आणि भंडाऱ्याचें सागवान हीं तिन्ही होतीं. पुतण्यानें सुचविल्याप्रमाणें नवा लोखंडी हौदा मागविला असता, तर आमची मोटार पूर्वीं कधींहि नव्हती इतकी 'मूळची' झाली असती!

आतां एंजिनाकडे वळूं. काकांनीं तें कां उतरविलें हें समजावयास थोडें यंत्रशास्त्र व थोडा अर्थव्यवहार, दोन्ही पाहावीं लागतात.

शेव्हरोलेचें हें एंजिन २१६ घनइंचांचें, म्हणजे सुमारें साडेतीन लिटरचें, नव्वदांच्या आसपास अश्वशक्तीचें होतें. त्याचा मूळ घाट १९३७ सालचा. साधेपणा व स्वस्तपणा हे त्याचे गुण, आणि तेलाची व्यवस्था हें त्याचें दुबळें अंग. इतर पुष्कळ एंजिनांत पंप दाबानें तेल जोडदांड्यांच्या बेअरिंगांपर्यंत पोंचवितो. यांत तसें नव्हतें. प्रत्येक जोडदांड्याच्या तळाशीं चमच्यासारखें एक टोक असे. दांडा फिरतां फिरतां तें टोक खालच्या पन्हळींतलें तेल उचलून घेई. बेअरिंगेंहि काढून नवीं घालतां येण्यासारखीं नव्हतीं. मऊ पांढरा धातु वितळवून तो दांड्यांतच ओतलेला असे. गाडी बेताबातानें चालविली तर हें एंजिन वर्षानुवर्षें कुरकुर न करतां काम देई. पण भरलेल्या मोटारीनें उन्हाळ्यांत रामटेकेकडे जातांना चढावर जोर केला कीं पांढरा धातु झिजे आणि आंतून ठकठक ऐकूं येऊं लागे. मग खालचें ताट उघडावें, दांड्याच्या टोपणाखालची एक पातळ पत्री काढून तें आवळावें, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निभावावें. पत्र्या संपल्या कीं धातु नव्यानें ओतून घ्यावा लागे. तो ओतण्याचें काम सामान्य मिस्त्र्याचें नव्हे.

येथें इतिहासाचा हात लागला. देशांत केवळ जुळणी करीत बसणाऱ्या कंपन्या नकोत, गाडीचे भाग क्रमाक्रमानें येथेंच घडविणाऱ्या हव्यात, असें धोरण सरकारनें टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर १९५३ सालीं अंगीकारलें. वालचंद हिराचंदांनीं काढलेल्या प्रीमिअरचा कुर्ल्याचा कारखाना १९४७ पासून चालू होता. हिंदुस्थान मोटर्स, महिंद्र वगैरे मंडळीहि या मार्गास लागलेली होती. जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनीं मात्र येथील गाशा गुंडाळणें पसंत केलें. १९५४ सालीं शिवडीची जुळणी थांबली. त्याच वर्षीं जमशेदपुरास टाटांनीं जर्मनीच्या मर्सिडीज-बेन्झ कंपनीच्या साह्यानें डिझेलच्या मालमोटारी काढण्यास प्रारंभ केला. धोरण चुकीचें होतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आज देशांत जो मोटारधंदा उभा आहे त्याच्या पायाचे दगड त्याच वर्षांत बसले. परंतु आजोबांची मोटार मात्र वयाच्या चौथ्या वर्षीं पोरकी झाली. गंमत अशी कीं, खुद्द अमेरिकन कंपनीनें १९५४ सालीं आपल्या मालमोटारींस दाबानें तेल देणारें नवें एंजिन दिलें, आणि १९५५ सालीं सहा व्होल्टची वीज टाकून बारा व्होल्टची घेतली. म्हणजे ज्या घाटाची पूजा करावयास पुतण्या सांगत होता, तो घाट त्याच्या कर्त्यांस स्वतःसहि पुरेसा वाटलेला नव्हता. त्यांनीं तो सुधारला; ती सुधारणा समुद्र ओलांडून आमच्यापर्यंत पोंचली नाहीं एवढेंच.

आजोबांच्या चोपड्या आम्हीं या निमित्तानें प्रथमच बारकाईनें वाचल्या. पहिल्या काहीं वर्षांत मोटारीच्या खात्यावर तेल, टायर व 'पट्टा' एवढेच खर्च दिसतात. १९५८ च्या पुढें 'नागपूर, दांडे ओतणें' ही नोंद दर दोनअडीच वर्षांनीं येऊं लागते. १९६६ नंतर ती वर्षाआड येते. १९७२ च्या नोंदीपुढें आजोबांच्या वळणदार अक्षरांत 'कारीगर वारला' असे दोनच शब्द आहेत. त्यानंतर ही नोंद नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९७३ च्या ऑक्टोबरांत, अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली; काहीं महिन्यांत जगाच्या बाजारांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला आणि आपल्याकडे पेट्रोल भडकलें. चोपडींत १९७४ च्या पहिल्या तीन महिन्यांत मोटारीचें भाडें कमी व पेट्रोलचा खर्च अधिक, अशी उलटी बेरीज आहे. खालीं आजोबांनीं काहीं लिहिलेलें नाहीं. फक्त बेरजेखालीं दोन रेघा ओढल्या आहेत.

काका तेव्हां अठ्ठावीस वर्षांचे होते. नागपूरच्या भंगार-बाजारांतून मोडींत निघालेल्या एका गाडीचें चार सिलिंडरांचें पर्किन्स डिझेल-एंजिन त्यांनीं आणलें. हें नांव आज तरुणांस अपरिचित असेल. फ्रँक पर्किन्स यानें १९३२ सालीं इंग्लंडांत पीटरबरो येथें ही कंपनी काढली, आणि वेगानें फिरणारीं लहान डिझेल-एंजिनें बनवून, पेट्रोलच्या गाड्यांत तीं बदलून बसविण्याचा धंदाच तिनें उभा केला. पुढें मद्रासेस सिम्प्सन कंपनी हीं एंजिनें बनवूं लागली, आणि पेट्रोल पिणाऱ्या किती अमेरिकन लॉऱ्यांचा त्यांनीं जीव वांचविला याची गणती नाहीं. तेव्हां काकांनीं केलें तें काहीं एकट्याचें साहस नव्हे. हिंदुस्थानच्या रस्त्यांवर दोन पिढ्या चाललेल्या एका मोठ्या व्यवहाराचें तें वरठींतलें एक प्रकरण होतें.

तें प्रकरण काकांच्याच तोंडून ऐकावें. या मोटारीचा मधला दांडा एका बंद नळींत असतो व ती नळी गिअरपेटीस घट्ट जोडलेली असते. त्यामुळें गिअरपेटी जागची हलवितां येत नाहीं. एंजिनानें गिअरपेटीकडे यावयाचें, गिअरपेटीनें एंजिनाकडे नव्हे. दोहोंच्या मधें बसविण्यासाठीं जाड पत्र्याची चकती कापून तिला दोन्ही बाजूंचीं भोंकें पाडलीं. पहिली चकती केसाएवढी तिरकी झाली. आठ दिवसांत क्लच गेला. दुसरी चकती काकांनीं लेथवर स्वतः उभें राहून करून घेतली. एंजिनाच्या शेवटास गिअरपेटीचा दांडा ज्यांत फिरतो तो बुश कोठें मिळेना, तेव्हां भंडाऱ्याच्या एका भांडीं घडविणाऱ्या कारागिरानें आपल्या भट्टींत गनमेटल ओतून तो केला. या कारागिरानें मोटारीचें काम पूर्वीं कधीं केलेलें नव्हतें. मोबदला म्हणून त्यानें पैसे न घेतां, वर्षभर त्याचा माल स्टेशनावर फुकट पोंचवून घेतला. चोपडींत तशा खेपा 'बुशखातें' या नांवाखालीं लिहिलेल्या आहेत.

चार सिलिंडरांचें एंजिन सहांच्या एंजिनाहून आखूड, म्हणून पुढें रेडिएटर व पंखा यांत वीतभर पोकळी राहिली. तेथें तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून हवा कोंडणारा नळकांडा बसविला. एंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढविलें. डिझेलमध्यें हवा सोळापटीहून अधिक दाबली जाते. तें एंजिन सुरू करणें सहा व्होल्टच्या विजेच्या आवांक्यांतलें नव्हे, म्हणून दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडून बारा व्होल्ट केले. त्या गडबडींत इंधनाचा कांटा जळाला तो कायमचाच. या गाडीची टांकी बैठकीच्या पाठीमागें असते. त्या दिवसापासून काका तिच्यांत वेताची छडी घालून, ती किती ओली झाली यावरून डिझेल मापीत. ही छडी अजून आहे.

या बदलानें मोटारीचें आयुष्य तीस वर्षांनीं वाढलें. १९५० पासून १९७४ पर्यंत पेट्रोलवर चोवीस वर्षें, आणि १९७४ पासून २००४ पर्यंत डिझेलवर तीस. आमच्या आत्याची वरात, दुष्काळांतला कडबा, आमची स्वतःची कॉलेजांत जातांनाची ट्रंक हीं सगळीं त्या दुसऱ्या तीस वर्षांतलीं. ज्या मोटारीची आठवण घरांत निघते ती डिझेलच्या आवाजाची आहे. पेट्रोलचा आवाज ऐकल्याचें आतां काकांखेरीज कोणास आठवत नाहीं.

'मूळ' म्हणजे काय, हा प्रश्न नवा नाहीं. प्लूटार्कानें थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. फळ्या एकेक करून सर्व बदलल्या, मग तें जहाज तेंच कीं दुसरें, यावर अथेन्सचे तत्त्वज्ञ वाद घालीत. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील जुन्या इमारतींच्या निमित्तानें हा वाद पुन्हां पेटला. फ्रान्सांत व्हिओले-ल-द्यूक यानें कार्कासोनचा कोट व पिएरफोंचा किल्ला दुरुस्त केला, तो या मतानें कीं, दुरुस्ती म्हणजे इमारतीस तिच्या पूर्णावस्थेस नेणें, मग ती अवस्था पूर्वीं एखाद्या काळीं खरोखर असो वा नसो. इंग्लंडांत रस्किननें १८४९ सालीं नेमकी उलट बाजू घेतली. असली दुरुस्ती त्याच्या मतें विध्वंसाहून वाईट, कारण ती खोटी. विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं जी संस्था काढली ती याच विचाराची. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा शब्द फार जुना. पण त्यांत हा वाद जवळजवळ नाहींच. अहिल्याबाईंनीं वेरूळचें घृष्णेश्वर बांधलें तेव्हां पूर्वीचें देऊळ दगडास दगड कसें होतें हें त्यांनीं शोधीत बसल्याचें ऐकिवांत नाहीं. देवळांत पूजा चालली पाहिजे, हा तेथें मुद्दा. काकांचा प्रश्न या आपल्या परंपरेंतला होता, हें आमच्या उशिरानें ध्यानांत आलें. आमचें शिक्षण रस्किनचें पडलें.

जगांत इतरत्रहि असें झालेलें आहे. क्यूबांत १९५९ च्या क्रांतीनंतर व अमेरिकेच्या व्यापारबंदीनंतर तेथील अमेरिकन मोटारी अशाच पोरक्या झाल्या. वरून शेव्हरोले व आंत रशियन वा अन्य कोठलें तरी डिझेल, अशा त्या आज हवानाच्या रस्त्यांवर धांवतात व परदेशी प्रवासी त्यांचे फोटो घेतात. दार्जिलिंगकडे मानेभंजनाहून संदकफूस चढणाऱ्या जुन्या लँड रोव्हरांत कितीतरी गाड्यांचीं एंजिनें कालांतरानें देशी डिझेलचीं झालीं आहेत. या गाड्यांतून एंजिन काढून पुन्हां मूळचें घातलें तर त्यांचा इतिहास सुधारेल, कीं पुसला जाईल? संग्रहालयांत कोठें तरी मूळ स्वरूपाचा एक नमुना असावा हें आम्हांस मान्य आहे. पण तसे नमुने अमेरिकेंत हजारांनीं आहेत. 'बुशखातें' असलेली मोटार मात्र एकच आहे.

कायद्याचें मत निराळें आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. केंद्र सरकारनें २०२१ च्या जुलैंत जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनीं, धंद्यासाठीं न वापरलीं जाणारीं वाहनें त्यांत येतात. पण वाहन मूळ स्वरूपांत असलें पाहिजे, सांगाडा, कवच किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. या अटीनें आमची मोटार बाहेर पडते. एरवीचा कायदाहि फेरफारास सैल नाहीं; निर्मात्यानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं स्पष्ट केलें आहे. रस्त्यावर कोणी काहींहि जोडून फिरावें असें कोण म्हणेल? सुदैवानें काका कागदपत्रांचे पक्के. १९७४ सालीं, तेव्हांच्या १९३९ च्या मोटार कायद्याखालीं, त्यांनीं एंजिनाचा बदल कळवून नोंदणीपुस्तकांत तो चढवून घेतला होता. 'पेट्रोल' या शब्दावर रेघ, बाजूस लाल शाईनें 'डिझेल', नवा एंजिन-क्रमांक, सही व शिक्का. इतिहासाच्या अभ्यासकानें याहून अधिक काय मागावें?

अखेर आम्हीं ठरविलें तें असें. डिझेल-एंजिन राहील, आणि काकांच्या देखरेखीखालीं पुन्हां बांधलें जाईल. सागवानी हौदा राहील. त्याच्या सडलेल्या तीन फळ्या तेवढ्या बदलल्या. तेलाच्या डब्यांचा नळकांडाहि राहिला. मिस्त्र्यानें नवा करूं म्हटलें, पण जुन्यावर वनस्पती तुपाचें झाड अजून दिसत होतें, म्हणून त्यास हात लावूं दिला नाहीं. ही आमची रस्किनगिरी समजावी.

ब्रेकांच्या बाबतींत मात्र मूळ व मागाहूनचें असा कोणताच विचार केला नाहीं. या मोटारीस चारहि चाकांस मिळून तेलाची एकच नळी होती. कोठेंहि ती फुटली कीं चारहि ब्रेक एकदम जात. १९७९ च्या पावसाळ्यांत तुमसरच्या रस्त्यावर ती फुटली. हौद्यांत आम्ही पांच मुलें होतों. समोर फाटक बंद होतें व मागें पुढें बैलगाड्या होत्या. काकांनीं मोटार रस्त्याखालीं घालून बांध्यांतल्या चिखलांत रुतविली. आम्हांस ती मोठी मौज वाटली; काका त्या रात्रीं जेवले नाहींत, हें आमच्या आईनें पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. जीर्णोद्धाराची गोष्ट निघाल्यापासून त्यांनीं स्वतः होऊन धरलेला हट्ट एकच, आणि तो ब्रेकांचा. आतां पुढच्या व मागच्या चाकांच्या नळ्या स्वतंत्र आहेत. एक गेली तरी दुसरी गाडी थांबविते. ड्रम एका देशी गाडीचे आहेत. शुद्धतेचा अभिमान असणाऱ्यांस हें रुचणार नाहीं. त्यांनीं हौद्यांत बसून पाहावें.

पुढच्या पाट्यांचीं पानें नवीं घातलीं. आमच्या वरठींतच आतां सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे, व मोटारींच्या भागांसाठीं लागणारें मिश्रपोलाद तेथें बनतें. १९५० सालीं जेथें मोटार पेट्यांतून येई त्या देशांत हें गांव मोटारींचें पोलाद बनवूं लागलें, हा प्रवास लहान नव्हे. आमच्या पानाचें पोलाद त्यांपैकीं होतें काय, असें आम्हीं दुकानदारास विचारलें. त्यानें पानाची किंमत पुन्हां एकदां सांगितली.

पुतण्यास वाईट वाटूं नये अशी इच्छा होती, आणि त्याचाहि मार्ग काकांनींच काढला. या मोटारीच्या मागच्या आंसांतील दांत्यांचें प्रमाण ४.११ आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास मधल्या दांड्याचे चारांहून थोडे अधिक फेरे लागतात. मिनिटास तीन हजारांवर फिरणाऱ्या पेट्रोल-एंजिनास तें ठीक होतें. डिझेल-एंजिन बावीसशेंच्या पुढें नेऊं नये, असा काकांचा दंडक. त्यामुळें ताशीं सुमारें ७० किलोमीटर ही तिची हद्द ठरली, आणि तेवढ्यांतहि तें एंजिन किंचाळे. ३.५५ प्रमाणाची जोडी मिळाली तर तितक्याच फेऱ्यांत ताशीं ८० च्या वर वेग मिळेल, हा हिशेब काकांनीं १९७५ सालींच चोपडीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता. येथें ती जोडी मिळण्याचा संभव नव्हता. अमेरिकेंत ती आज नवी बनते. पुतण्यानें ती पाठविली. पेट्रोलच्या मोटारीसाठीं काढलेले पैसे डिझेलच्या मोटारीस लागले याची त्यानें पत्रांत थट्टा केली आहे, पण हिशेबाच्या त्या पानाचा फोटो मागविला आहे.

मूळ सहा सिलिंडरांचें एंजिन कोठाराच्या मागच्या भिंतीशीं सांपडलें. मधल्या काळांत काहीं वर्षें त्यानें रॉकेलवर विहिरीचा पंप ओढला होता. तें स्वच्छ करून सागवानी घोडीवर ठेवलें आहे. रंग खरवडतांना दरवाज्यावर तीन थर निघाले: वर काकांचा करडा, त्याखालीं निळा, आणि अगदीं तळाशीं कारखान्याचा गडद हिरवा. दरवाज्याच्या आंतल्या अंगास वीतभर जागा आम्हीं तशीच सोडली आहे. तेथें तिन्ही दिसतात.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज दिला आहे. तपासणीची तारीख मिळेपर्यंत मोटार गिरणीच्या आवारांत व मागच्या आमच्या शेतांतल्या वाटेनें फिरते. रोज सकाळीं काका एंजिन सुरू करतात. इंधनाचा कांटा आतां नवा आहे व बरोबर दाखवितो. तरी ते आधीं वेताची छडी घालून पाहतात, आणि मगच किल्ली फिरवितात.